लयीचे सागरी मार्ग – भाग ७ : वेराक्रूझ, लॉस एंजेलिस आणि ‘अलबेला’

भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील ‘शोला जो भडके’ या गाण्याला पाश्चात्त्य वळणाचे म्हणण्याची प्रथा रूढ असली, तरी त्यात बोंगो या जोडवाद्यावर जी लय उभी राहते तिचे मूळ युरोपात सापडत नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी क्यूबाच्या भूमीवर घडवलेल्या वादनपरंपरेचा तो वारसा आहे. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्यापर्यंत हा वारसा कसा पोचला हे समजण्यासाठी प्रथम मेक्सिकोकडे वळावे लागते.

स्पॅनिश अमलात वेराक्रूझ हे मेक्सिकोचे प्रमुख बंदर होते आणि गुलामांची बहुतेक जहाजे तेथेच लागत असत. त्या किनाऱ्यावर ‘सोन हारोचो’ ही गायनशैली रुजली, जिच्यात तंतुवाद्ये स्पॅनिश वळणाची असली तरी लाकडी फळ्यांच्या मंचावर पायांनी ताल धरणारे नर्तक आणि लोखंडी पट्ट्या बोटांनी छेडण्याची ‘मारिंबोल’ ही पेटी यांतून आफ्रिका स्पष्ट ऐकू येते. १७६६ साली धर्मन्यायालयाने ‘चुचुंबे’ या नृत्यगीतावर बंदी घातली, आणि हवानाहून आलेल्या जहाजामार्फत हे गाणे वेराक्रूझच्या सामान्य वस्त्यांत पसरल्याची नोंद त्या प्रकरणाच्या कागदपत्रांमुळेच टिकून राहिली. याच किनाऱ्यावरचे ‘ला बांबा’ हे लोकगीत १९५८ मध्ये रिची वॅलेन्स या कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणाने रॉक अँड रोलच्या ठेक्यावर गायिले. तो ठेकाही मुळात कृष्णवर्णीय अमेरिकनांचाच होता.

कॅरिबियन आफ्रिकी लयीचे एक मुख्य सूत्र असे की आठ मात्रांचे आवर्तन चार-चार असे समान न तोडता तीन, तीन व दोन असे विषम तोडले जाते, त्यामुळे दुसरा आघात अपेक्षित जागेच्या किंचित आधी पडतो आणि शरीर आपोआप डोलू लागते. महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात ढोलकी आणि हलगी ऐकत वाढलेल्या कानाला हे सूत्र परके वाटू नये, कारण आपल्या केरव्याच्याही आठच मात्रा आहेत आणि तेथेही कसलेला वादक आघात असेच सरकवतो. हा स्वतंत्रपणे जुळून आलेला योग दिसतो, परंतु ‘अलबेला’ इतका सहज अंगी लागला त्याचे एक कारण त्यात असावे.

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन तरुणांनी, ज्यांना पाचुको म्हणत, कृष्णवर्णीयांचे स्विंग आणि बुगी आपलेसे केले व लालो गरेरो याने ते स्पॅनिश बोलीत गायिले. त्याच सुमारास क्यूबाचा पेरेस प्रादो मेक्सिको शहरात आला आणि तेथून त्याचा माम्बो जगभर गेला. मुंबईत या प्रवाहाचा एक स्रोत त्याआधीच उघडला होता, कारण १९३५ साली लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि पुढे टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादकही येथे रमला. त्यांचे वादन आत्मसात केले ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी, ज्यांना चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळालेले होते. आल्डोना येथील आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, त्यांच्यापैकी अग्रणी होता, तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक राहिला आणि ‘अलबेला’त त्याचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला संगीतकार आणि आल्डोन्याचा ट्रम्पेटवादक यांच्या या सहकार्याला मराठी संगीताच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे होते.

दोन्ही शहरांतील फरक मात्र मोठा आहे. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय तरुण शेजारच्या वस्त्यांत राहत आणि एकाच नाचघरात भेटत असत, तर मुंबईत ही लय हॉटेलच्या दालनातून, तबकड्यांतून आणि गोव्याच्या वादकांच्या स्वरलिपीतून आली, म्हणून लाखो श्रोत्यांपर्यंत ठेका पोचला, परंतु तो घडवणाऱ्या माणसांशी त्यांची गाठ कधी पडली नाही.