ताबा कोणाचा, वहिवाट कोणाची

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चारशेवीसचा रातोरात ३१८ (४) झाला. त्याच वर्षी आमच्या नगर जिल्ह्याचंही नाव बदललं. पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ झाली. मी संहितेचं दुसरं कलम उघडलं, कारण व्याख्या तिथे आहेत. सद्भावनेची व्याख्या १८६० च्या दंड संहितेतलीच: योग्य काळजी न घेता केलेलं काही सद्भावनेने केलं असं म्हणता येत नाही. व्याख्यांचा क्रम तर आता इंग्रजी मुळाक्षरांनी लावलाय. आणि हे म्हणे गुलामीचं जोखड उतरवणं!

साहेबाच्या काळात मी फार रमत नाही. १८७५ मध्ये पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, कारण रोख्यावरच्या निशाणीचा कोर्टातला अर्थ त्यांना जप्ती आल्यावर कळत होता. १८७९ च्या कायद्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायला लावला. त्यानंतर कायद्याच्या मराठीसाठी समित्या आणि कोश.

माझं दशक १९९८ नंतरचं. त्या साली शासनाने जिल्हा-तालुका कोर्टांची भाषा मराठी केली आणि आम्ही तरुण वकील हुरळलो. बाररूममधले एक ज्येष्ठ म्हणायचे, 'पझेशन'ला मराठीत नेमका शब्द दाखव. दाखवला पारनेरकडच्या एका बाबांनी, बांधाच्या दाव्यात. उलटतपासात हेच ज्येष्ठ होते. "जमीन कोणाकडे आहे?" बाबा म्हणाले, "कागदाला ताबा भावकीचा, वहिवाट माझी. ज्वारी म्या पेरली, कडबा त्येंनी नेला." इंग्रजी टिपणात ताबा आणि वहिवाट दोन्ही एकाच 'पझेशन'मध्ये गेले. अडचण शब्दांची नव्हतीच. अशिलाला अर्ज मराठीत वाचता आला असता, तर त्याने तारखेच्या फीचा हिशेबही मागितला असता.

त्या दशकातलं खरं हळहळण्याजोगं नुकसान कोर्टाबाहेर, दस्तलेखकांच्या टेबलांवर झालं. त्यांचं खरेदीखत चतुःसीमा सांगून, झाडझाडोऱ्यासह, विहिरीच्या पाणीपाळीसकट जमीन हाती द्यायचं. लिहून देणाऱ्याला ते वाचून दाखवायचे, आणि तो मध्येच थांबवून "नाही, बाभूळ माझी" म्हणायचा. मग खाडाखोड, शेजारी सही.

आता संगणकात साचा तयार असतो. कुणी वाचून दाखवत नाही. मागच्या पक्षकाराचा गट नंबर तसाच राहतो, मग चूकदुरुस्तीपत्र करावं लागतं, आणि त्याची फी वेगळी.