आभासी विश्वातील छायाचित्रण : कॅमेरा, काळ आणि साक्ष

१.

मराठीत फोटोग्राफीसाठी 'छायाचित्रण' आणि 'प्रकाशचित्रण' असे दोन प्रतिशब्द वापरले गेले आहेत. एक शब्द छायेकडे निर्देश करतो, दुसरा प्रकाशाकडे. वरवर पाहता ते परस्परविरुद्ध भासले, तरी त्यांच्या मुळाशी असलेले गृहीत एकच आहे : कॅमेऱ्यासमोर एखादी वस्तू खरोखर होती, तिच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश भिंगातून आत आला आणि त्याचा ठसा फिल्मवर किंवा संवेदकावर उमटला. व्हिडिओ गेमच्या विश्वात यांपैकी काहीही घडत नाही. तेथे वस्तू नाही, प्रकाश नाही, भिंगही नाही. आहेत ती केवळ गणिते. असे असूनही या विश्वांत हिंडून 'छायाचित्रे' टिपणारा एक वर्ग गेल्या पाव शतकात निर्माण झाला आहे, आणि खेळ रचणाऱ्यांनी त्याच्यासाठी कॅमेऱ्याची साधने खेळातच अंतर्भूत केली आहेत.

प्रस्तुत लेखात या साधनांचे स्वरूप स्पष्ट करून तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. खेळातील कॅमेरा आणि कथनातील निवेदक यांचे नाते कोणते? काळ थांबवून घेतलेल्या चित्रात 'क्षणा'चे काय होते? आणि जे कधी अस्तित्वातच नव्हते त्याचे चित्र कशाची साक्ष देते? हे प्रश्न तंत्रज्ञानाचे वाटले, तरी निवेदनमीमांसा आणि रसचर्चा यांच्याशी परिचय असलेल्या अभ्यासकाला ते परके वाटू नयेत.

२. कथेच्या आतला कॅमेरा आणि कथेबाहेरचा कॅमेरा

खेळांतील छायाचित्रणाचे दोन प्रकार प्रथमच वेगळे केले पाहिजेत. पहिल्या प्रकारात कॅमेरा ही कथाविश्वातील एक वस्तू असते आणि ती एखाद्या पात्राच्या हाती असते. १९९९ मध्ये निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी आलेल्या 'पोकेमॉन स्नॅप'मध्ये खेळाडू ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या वाहनात बसून प्राण्यांची छायाचित्रे घेतो आणि एक प्राध्यापक त्यांना गुण देतात. प्राणी चौकटीत किती मोठा दिसतो, त्याची ढब कशी आहे, तो मध्यभागी आहे की नाही, हे त्यांचे निकष होत. २००१ च्या 'फेटल फ्रेम' या जपानी भयकथात्मक खेळात कॅमेरा हेच भुतांना निष्प्रभ करण्याचे शस्त्र असते. २००३ च्या 'बियाँड गुड अँड ईव्हिल'ची नायिका जेड ही वृत्तछायाचित्रकार असून, सत्तेचे कारस्थान उघड करणारा पुरावा ती कॅमेऱ्यानेच गोळा करते.

दुसऱ्या प्रकारात कॅमेरा कोणत्याही पात्राचा नसतो. खेळाडू एक कळ दाबतो, कथा जागच्या जागी थांबते, आणि एक अशरीरी नजर त्या थिजलेल्या दृश्याभोवती फिरू लागते. यालाच 'फोटो मोड' म्हणतात. मोटारींच्या शर्यतींवरील 'ग्रॅन टुरिस्मो ४' (जपानमध्ये डिसेंबर २००४) हे त्याचे एक महत्त्वाचे आरंभीचे उदाहरण. त्यातील चित्रे खेळाबाहेर काढून कागदावर छापण्याचीही सोय होती. २०१४ मध्ये 'इनफेमस सेकंड सन' आणि 'द लास्ट ऑफ अस रीमास्टर्ड' या खेळांत ही सोय आल्यानंतर ती मोठ्या निर्मितींमध्ये झपाट्याने रूढ झाली. २०१६ मध्ये एन्व्हिडिया या कंपनीने याच प्रकारचे एक साधन जाहीर केले आणि त्याला अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्यावरून 'अ‍ॅन्सेल' असे नाव दिले. छायाचित्रणाच्या परंपरेशी नाते सांगण्याची ओढ या नामकरणातच दिसते.

कादंबरीच्या अभ्यासकाला ही विभागणी परिचित वाटेल. पहिला कॅमेरा हा पात्ररूप निवेदकासारखा आहे. तो जेथे उभा आहे तेथूनच पाहतो, त्याच्यावर काळाचे दडपण आहे, आणि त्याच्या पाहण्याचे परिणाम कथेत उमटतात. दुसरा कॅमेरा कथाविश्वाबाहेरच्या सर्वसाक्षी निवेदकाच्या जवळ जाणारा आहे. त्याला कोणी पाहत नाही आणि त्याच्या पाहण्याने काहीही बदलत नाही.

३. साधनांचे कार्य

या कॅमेऱ्यात घडते काय, हे थोडक्यात पाहू. खेळाचे विश्व त्रिमित बिंदूंनी आणि त्यांना जोडणाऱ्या बहुभुज पृष्ठांनी रचलेले असते. 'कॅमेरा' म्हणजे त्या अवकाशातील एक स्थान, एक दिशा आणि एक दृष्टिकोण. येथे दृष्टिकोण हा शब्द भूमितीच्या अर्थाने घ्यावयाचा आहे. खऱ्या कॅमेऱ्यात तो भिंगाच्या नाभीय अंतरावरून ठरतो : ३६ मि.मी. रुंदीच्या चौकटीवर ५० मि.मी. चे भिंग आडव्या दिशेने सुमारे ४० अंशांचा पट्टा दाखविते, तर २४ मि.मी. चे भिंग सुमारे ७४ अंशांचा. खेळात भिंग नसते. फक्त कोन बदलतो. तरीही अनेक खेळांच्या पडद्यावर मिलिमीटरचे आकडे दाखविले जातात, कारण छायाचित्रकाराची भाषा तीच आहे.

पार्श्वभूमी धूसर करण्याचा परिणामही असाच आहे. पडद्यावरील प्रत्येक बिंदूबरोबर तो कॅमेऱ्यापासून किती दूर आहे याची नोंद संगणकाजवळ असते. निवडलेल्या अंतरापलीकडचे बिंदू त्या नोंदीवरून पुसट केले जातात. फिल्मचे कण, चौकटीच्या कडांचा काळोख, भिंगात शिरणाऱ्या प्रकाशाची तिरीप हे सारे खऱ्या यंत्राचे दोष येथे गुण म्हणून मुद्दाम घातले जातात. भिंगच नसलेल्या कॅमेऱ्याने भिंगाच्या उणिवांचे अनुकरण करावे, यातून एक गोष्ट स्पष्ट होते : हा कॅमेरा दृश्याचे नव्हे, तर छायाचित्राचे अनुकरण करतो. डोळ्याला जसे दिसते तसे नव्हे, तर छायाचित्रात जसे दिसण्याची आपल्याला सवय झाली आहे तसे, हे त्याचे प्रमाण आहे.

या कॅमेऱ्याच्या स्वातंत्र्याला मर्यादाही आहेत. बहुतेक खेळांत तो नायकापासून ठराविक अंतरापलीकडे जाऊ शकत नाही. हे बंधन अकारण नाही. चौकटीबाहेरचे जग संगणक रेखाटतच नाही; दूरच्या वस्तू कमी पृष्ठांत उरकलेल्या असतात; कित्येक इमारतींना दर्शनी भिंतीखेरीज काही नसते. नाटकाच्या नेपथ्याला जशी मागची बाजू असते, तशी ती येथेही आहे. रॉबर्ट ओव्हरवेग या डच कलावंताने नेमक्या याच जागा शोधून त्यांची चित्रे घेतली. जेथे रस्ता संपतो आणि पुढे काहीच नसते, तेथे त्याचा कॅमेरा थांबतो.

४. थांबलेला काळ

जेरार जनेत यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात कथाकाळ आणि कथनकाळ यांच्या नात्याचे जे प्रकार सांगितले, त्यांत 'विराम' हा एक आहे. कथन चालू असते, परंतु कथेतील काळ पुढे सरकत नाही. लेखक वाड्याचे, माळरानाचे वा चेहऱ्याचे वर्णन करीत राहतो. फोटो मोड हा दृश्यमाध्यमातील असाच वर्णनात्मक विराम होय. फरक एवढाच, की कादंबरीत विराम केव्हा घ्यावयाचा हे लेखक ठरवितो. येथे तो अधिकार वाचकस्थानी असलेल्या खेळाडूकडे आला आहे.

या अधिकाराने छायाचित्रणातील एक मूलभूत कल्पना उलटीपालटी होते. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकामुळे 'निर्णायक क्षण' ही संज्ञा रूढ झाली. क्षण निसटतो, म्हणून तो पकडण्याचे कौशल्य. खेळात मात्र क्षण निसटत नाही. तलवार हवेत उगारलेली असताना खेळाडू काळ थांबवितो आणि अर्धा तास त्या तलवारीभोवती फिरतो. शोध क्षणाचा राहत नाही; तो स्थानाचा होतो. 'निर्णायक क्षणा'ची जागा 'निर्णायक स्थान' घेते, आणि ही कला वृत्तछायाचित्रापेक्षा शिल्पाच्या निरीक्षणाला अधिक जवळची ठरते.

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) या खेळात तर याहून पुढची पायरी आढळते. १२७४ च्या मंगोल आक्रमणाच्या पार्श्वभूमीवर घडणाऱ्या या खेळाच्या फोटो मोडमध्ये प्रहर, हवामान आणि वाऱ्याची दिशा बदलता येते. नायक स्थिर असताना गवत आणि पाने हलती ठेवता येतात. म्हणजे काळ सरसकट थांबत नाही. तो माणसापुरता थांबतो आणि निसर्गापुरता वाहतो. छायाचित्रकार येथे साक्षीदार उरत नाही, तो नेपथ्यकार आणि दिग्दर्शक होतो.

५. साक्ष कशाची?

पर्सच्या चिन्हमीमांसेनुसार छायाचित्र केवळ सादृश्याने नव्हे, तर वस्तूशी असलेल्या कार्यकारणसंबंधाने अर्थ देते. धूर जसा अग्नीचा निर्देशक, तसे छायाचित्र वस्तूचे. रोलाँ बार्थ यांनी १९८० च्या आपल्या अखेरच्या पुस्तकात छायाचित्राचे सत्त्व याच ठिकाणी पाहिले : समोर दिसते ते एकेकाळी खरोखर होते, ही अटळ जाणीव. या कसोटीवर खेळातील चित्र छायाचित्र ठरत नाही, हे मान्य करावे लागेल.

परंतु 'खरे की खोटे' एवढ्या दोनच कोटी पुरेशा आहेत काय? भरताच्या रससूत्रावर भाष्य करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय सांगितला, ही हकीकत अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून आपल्याला ज्ञात आहे. चित्रातील घोड्याला पाहून होणारी 'हा घोडा' ही प्रतीती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्यज्ञानही नव्हे. ती या चारींहून निराळी आहे. नटाच्या ठायी होणारी रामाची प्रतीती तशीच. खेळातील विश्व हे या अर्थाने चित्रातील घोडा होय, आणि त्याचे छायाचित्र घेणारा त्या घोड्यावर कोणता प्रकाश कोठून पडावा याचा विचार करीत असतो. त्याला भ्रम झालेला नसतो.

हा न्याय कोठे अपुरा पडतो, तेही पाहिले पाहिजे. २०१४ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने इराक युद्धाचे चित्रण केलेले छायाचित्रकार अ‍ॅशली गिल्बर्टसन यांना 'द लास्ट ऑफ अस रीमास्टर्ड'च्या विश्वात छायाचित्रे घेण्यास सांगितले. त्यांचा अनुभव अस्वस्थ करणारा होता. खऱ्या युद्धात त्यांच्या हाती कॅमेरा असे, बंदूक नसे; येथे दृश्य मिळविण्यासाठी त्यांना स्वतःच हिंसा करावी लागत होती. शिवाय एवढ्या संहारातही पात्रांच्या चेहऱ्यांवर क्लेश उमटत नव्हता. पुढे २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये फोटो मोडमध्येच पात्रांचे मुखभाव निवडण्याची सोय आली. हसरा चेहरा, रागीट चेहरा, यादीतून निवडावयाचा. शंकुकाच्या मते नटाचे अनुभाव कृत्रिम असले तरी प्रेक्षक त्यांवरून स्थायी भावाचे अनुमान करतो. यादीतून निवडलेल्या मुखभावामागे मात्र प्रसंगच नसतो. अनुमानाला लिंग आहे, पण ज्याचे अनुमान करावयाचे तो भाव कथेतून येत नाही; तो छायाचित्रकार बाहेरून आणतो.

आयरिश कलावंत अ‍ॅलन बटलर यांची २०१५ पासूनची 'डाउन अँड आउट इन लॉस सँटोस' ही चित्रमालिका या चर्चेला निर्णायक वळण देते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' (२०१३) या खेळातील लॉस सँटोस हे शहर लॉस एंजेलिसच्या धर्तीवर रचलेले आहे. बटलर यांनी खेळातील पात्राच्या फोनवरील कॅमेऱ्याने त्या शहरातील बेघरांची चित्रे घेतली. या माणसांना भूतकाळ नाही, भूक नाही, घरही कधी नव्हते. मग ही चित्रे कोणाची? ती माणसांची साक्ष देत नाहीत, हे उघड आहे. ती साक्ष देतात एका निर्णयाची : शहर खरे वाटावे म्हणून त्यात बेघर असलेच पाहिजेत, आणि ते असेच दिसले पाहिजेत, हे कोणीतरी ठरविले. तो निर्णय मात्र काल्पनिक नाही. तो खऱ्या समाजात, खऱ्या माणसांनी घेतला आहे. निर्देशकसंबंध येथे नष्ट होत नाही. तो वस्तूकडून रचनेकडे सरकतो.

'उमुरांगी जनरेशन' (२०२०) या खेळाने हीच जाणीव खेळाच्या घाटातच मुरविली आहे. नॅफ्टली फॉकनर या माओरी रचनाकाराच्या या खेळाला २०२१ च्या इंडिपेन्डन्ट गेम्स फेस्टिव्हलमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळाले. शीर्षकातील माओरी शब्दाचा अर्थ तांबडे आकाश. ऑस्ट्रेलियातील २०१९-२० च्या वणव्यांचा अनुभव त्यामागे आहे. न्यूझीलंडमधील टौरंगा येथे, नजीकच्या भविष्यकाळात, खेळाडूच्या हाती कॅमेरा आणि टिपावयाच्या वस्तूंची यादी दिली जाते. यादी क्षुल्लक असते. परंतु त्या वस्तू शोधताना भिंतींवरील मजकूर, सैनिक, तटबंदी हे सारे चौकटीत शिरत राहते. संकटाविषयी कोणी निवेदन करीत नाही. येथे काळ थांबविण्याची सोय नाही, कॅमेरा पात्राच्याच हाती आहे, आणि म्हणूनच पाहणाऱ्याला आपण पाहूनही काही करू शकत नाही याची जाणीव टाळता येत नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की खेळातील छायाचित्रण हे खऱ्या छायाचित्रणाचे दुबळे अनुकरण नसून रचलेल्या विश्वाचे वाचन आहे. संहितेतील एखादा परिच्छेद थांबून, उलटसुलट पाहून, लेखकाच्या सोयीच्या जागा हेरणारा वाचक जे करतो, तेच हा छायाचित्रकार करतो. कथेबाहेरचा कॅमेरा त्याला सर्व बाजूंनी पाहण्याची मुभा देतो, पण पाहण्याची जबाबदारी हिरावून घेतो. कथेच्या आतला कॅमेरा मुभा आखडतो आणि जबाबदारी परत देतो. या दोहोंतील भेद हा केवळ तंत्राचा नाही, तर नीतीचाही आहे.

निवेदनमीमांसेच्या अभ्यासक्रमात कादंबरी आणि चित्रपट यांच्या जोडीला अशा चित्रांचा एखादा संच ठेवला, तर निवेदकाचे स्थान, विराम आणि सर्वसाक्षित्व या संकल्पना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाताळता येतील. त्यासाठी प्रत्येक चित्राला दोन प्रश्न विचारणे पुरेसे आहे : ही नजर कोणाची आहे, आणि चौकटीपलीकडे काय रचलेलेच नाही?