सोन्याच्या पेढ्यांपुढची खाऊगल्ली

“आज रात्री स्वयंपाक नाही हं! आपण सराफ्यात जायचंय,” वन्संनी सकाळी चहाच्या वेळीच जाहीर केलं. मला वाटलं, काही सोनंबिनं घ्यायचं असेल. पण सोनं घ्यायला रात्री दहाला कोण जातं? आणि सोनं घ्यायचं म्हणून स्वयंपाक नाही, हे तरी कुठलं?

ज्यांचं इंदूरला जाणं-येणं आहे त्या मैत्रिणी एव्हाना हसल्या असतील. बाकीच्यांसाठी सांगते. इंदूरचा सराफा दिवसा खरोखरच सराफा असतो. दोन्ही बाजूंना सोन्याचांदीच्या पेढ्या, आत गाद्या, तराजू, काचेची कपाटं. रात्री आठच्या सुमारास पेढ्यांची दारं खाली येऊ लागतात आणि त्याच पायऱ्यांवर, त्याच फळ्यांपुढे शेगड्या पेटतात, कढया चढतात. मग मध्यरात्र उलटून जाईपर्यंत तिथे खाण्याशिवाय दुसरा धंदा नाही. लोक सांगतात की सराफांनाही हे बरंच वाटलं, कारण रात्रभर माणसांचा राबता असला की पेढीवर वेगळा पहारा नको.

इंदूर आपल्याला परकं नाही. होळकरांचं गाव, १८१८ साली त्यांची राजधानी इथे आली. त्यांचा सात मजली राजवाडा सराफ्याला अगदी लागून आहे. मराठी घरं इथे पिढ्यान्पिढ्या नांदताहेत. बोलताना मधूनच हिंदी डोकावतं, एवढंच. आणि आम्हा जळगावकरांना तर मे महिन्यात इंदूर म्हणजे सुखच! आमच्याकडे रात्री भिंतीसुद्धा हात लावू देत नाहीत. इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर, माळव्याच्या पठारावर. दिवसा तिथेही ऊन रणरणतं, पण रात्री वारा सुटतो. माळव्याच्या रात्रीची कीर्ती ऐकली होती, ती खोटी नाही.

तर, मी “बरं” म्हटलं खरं, पण पोटात गोळा आला. कारण आमच्या घरी एक कायदा आहे: उन्हाळ्यात बाहेरचं काही खायचं नाही. हा कायदा माझा. बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्याला कावीळ झाली होती. दहा वर्षांचं पोर, डोळे हळदीसारखे, पाण्याचा घोटही पोटात ठरेना. सहा दिवस दवाखान्यात काढले. आणि त्याच्या आधी तीनच दिवस सासूबाईंनी त्याला गाडीवरच्या बर्फाच्या गोळ्यासाठी पैसे दिले होते. मी दवाखान्यात काय बोलले ते आता लिहवत नाही. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी नातवंडांच्या हातावर कधी सुटा पैसा ठेवला नाही, आणि स्वतःही बाहेरचं काही तोंडात घातलं नाही.

रात्री साडेदहाला आम्ही निघालो. वन्सं, त्यांची सून, सासूबाई, मी आणि आमचे हे. इतक्या रात्री आपल्या गावात बायका दिसतात त्या गणपतीत नाहीतर नवरात्रात. इथे तर नऊवारीतल्या आजीबाईंपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळं कुटुंबच्या कुटुंब लोटलेलं. गल्ली अरुंद, धक्के लागतात, पर्स पुढे धरावी. पण पायाखाली कागद-द्रोणांचा खच नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. शहर-स्वच्छतेच्या सरकारी पाहणीत इंदूरने २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर सोडला नाही, तो उगीच नव्हे.

पहिला मुक्काम दहीवड्यापाशी. इथल्या जोशींच्या दहीवड्याचं नाव फार मोठं. दह्याने भरलेला द्रोण हवेत भिरकावून झेलायचा ही त्या दुकानाची रीत. थेंब सांडत नाही! मग एकाच चिमटीत चार-पाच मसाले घेऊन ते एकेक करून वेगवेगळे सोडायचे. कसं जमतं देव जाणे. मी घरी आल्यावर तिखट-मीठ घेऊन करून पाहिलं, दोन्ही एकदमच पडलं.

ह्यांनी सगळ्यांच्या हातात द्रोण दिले. सासूबाईंनी आपला द्रोण दोन्ही हातांनी धरला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “खाऊ का गं?”

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. सबंध संसार ज्यांच्या हातात होता ती. दहीवडा खाण्यासाठी सुनेची परवानगी मागते आहे! मला गर्दीत उभं राहवेना. “अहो आई, खा ना, विचारता काय?” म्हणाले खरी, पण माझा घास घशातच राहिला.

पुढे मक्याच्या किसाची कढई होती. इंदुरी लोक त्याला ‘भुट्टे का कीस’ म्हणतात. नाव ऐकून आपला बटाट्याचा कीस आठवतो, पण हा मऊ, सांज्यासारखा. द्रोण भरेपर्यंत वन्संच्या सुनेशी बोलत उभी राहिले. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. तिला मी हसत हसत विचारलं, तू रोज एवढे रोग बघतेस, तरी इथे खातेस?

“मामी, मी बघून खाते,” ती म्हणाली. “डोळ्यांदेखत कढईतून निघालेलं, वाफ येणारं खाते. चिरून उघडी ठेवलेली फळं नाही, पातळ चटणी नाही, पाणी घरून आणलेलं. बर्फ तर नाहीच. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम तुमच्या महाराष्ट्रात २०१८ मध्ये निघाला ना? पण सरबतात किसून पडल्यावर रंग कोण बघतो?”

मी म्हटलं, “खरंय बाई. आमच्या धाकट्याला गोळा खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी कावीळ झाली.”

“तिसऱ्या दिवशी? मग ती गोळ्याने नसेल.”

मी बघतच राहिले. ती कीस खाता खाता सहज सांगत होती. दूषित पाण्यातून, अन्नातून जी कावीळ होते तिचे विषाणू पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. दोन आठवडे तरी जातात, कधी महिना, कधी त्याहूनही जास्त. काल खाल्लं म्हणून आज जुलाब-उलट्या होतील, कावीळ नाही. डोळे पिवळे दिसले की लोक कालपरवाचं आठवतात, पण आठवायचं असतं ते मागच्या महिन्यातलं.

मी उभ्या उभ्या बोटांवर मोजलं. मागचा महिना म्हणजे माझ्या भावाचं लग्न. माझं माहेर. मांडवात पिंपभर पन्हं, त्यात बर्फाच्या लाद्या फोडून टाकलेल्या, आणि आमची पोरं दिवसभर ग्लास बुडवून पीत होती. मीच म्हणत होते, पिऊ द्या, ऊन केवढं आहे! आता तेच कारण होतं असं कोण छातीवर हात ठेवून सांगणार? पण गोळ्याचं मात्र नव्हतं.

त्यानंतर आम्ही काय काय खाल्लं ते भराभर सांगते. साबुदाण्याची खिचडी बघून आपण थक्क व्हाल. खाली पाणी खळखळतंय, वर साबुदाणा वाफेवर. मागाल तसा त्यात तिखट, जिरावन मसाला, लिंबू आणि चक्क फराळी चिवडा कालवून देतात. तुपात परतलेली, दाण्याच्या कुटाची आपली खिचडी मला जास्त आवडते, पण ही हलकी लागते. खोबऱ्याचं सारण भरलेलं बटाट्याचं पॅटिस फारच छान. शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत समजून मागू नका, इथली शिकंजी आटीव दुधाची, केशर-वेलचीची, जवळजवळ बासुंदीच. ‘जलेबा’ नावाची एकच जिलबी ताटलीभर. ती चौघांत एक घ्यावी. गराडू हा तळलेला कंद मात्र थंडीतच मिळतो, मे महिन्यात मागितलात तर हसतील.

कीस मी घरी दोनदा केला, नीट जमला. चार कोवळी कणसं किसणीवर किसून घ्यायची. जून कणसाचा कीस चरबरीत होतो, घेऊ नये. दोन मोठे चमचे तुपात मोहरी, जिरं, हिंग, मिरचीचे तुकडे, किंचित हळद. कीस घालून मंद आचेवर चांगला दहा मिनिटं परतायचा, इथे कंटाळा करू नका. मग वाटीभर दूध घालून झाकण ठेवायचं, मधून मधून ढवळायचं, नाहीतर खाली लागतं. दूध आटलं की मीठ आणि चिमूटभर साखर. लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटेल. वरून खोबरं-कोथिंबीर. जिरावन नसेल तर जिरेपूड, आमचूर आणि काळं मीठ भुरभुरावं.

बारा वाजून गेले होते. सासूबाईंचे पाय दुखायला लागले म्हणून त्या एका बंद पेढीच्या पायरीवर टेकल्या. हे पाण्याची बाटली आणायला गेले. मी शेजारी बसले.

“आई, ती धाकट्याची कावीळ होती ना, ती गोळ्याने नव्हती झाली. हिने आत्ता सांगितलं. तेव्हा मी तुम्हाला उगाच...”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या कढईत मालपुवे फुगत होते, तिकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग पदराने चेहरा पुसून म्हणाल्या, “नव्हती ना? बरं झालं बाई. मी आपली इतकी वर्षं...” आणि थांबल्या.

थोड्या वेळाने म्हणाल्या, “ते मालपुवे बघ की, गरम निघताहेत. माझ्याच्याने एक सगळा जायचा नाही. अर्धा अर्धा घेऊ या?”

मी उठून एक मालपुवा आणला. वर रबडी घालू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घाल.