तातडीच्या रुग्णसेवेची किंमत : अमेरिकन रुग्णालयांतील देयकांची मीमांसा

अर्थशास्त्राच्या प्राथमिक विवेचनात वस्तूची किंमत खरेदीपूर्वी ग्राहकास ज्ञात असते असे गृहीत धरलेले असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात हे गृहीतक मुळातच ढासळते. छातीत कळ आल्यामुळे मध्यरात्री तेथे गेलेल्या मनुष्यास आपल्यावर कोणते उपचार होणार हे ठाऊक नसते, त्यांचे दर ठाऊक नसतात, आणि दर न पटल्यास उठून अन्यत्र जाण्याचे स्वातंत्र्यही नसते. काही आठवड्यांनी देयके हाती येतात. तीही बहुधा एकाहून अधिक. ती इतकी जबर आणि दुर्बोध का असतात, याची कारणे प्रस्तुत लेखात तपासावयाची आहेत.

प्रथम देयकाची रचना पाहू. रुग्णालय आपल्या जागेचे, परिचारिकांचे व साधनांचे शुल्क स्वतंत्रपणे आकारते. त्यासाठी रुग्णाची भेट पाच पायऱ्यांपैकी एकीवर बसविली जाते. परंतु पायरी ठरविण्याचे नियम प्रत्येक रुग्णालयाचे स्वतःचे असतात. डॉक्टरांची फी याहून निराळी. तातडीच्या विभागातील डॉक्टर पुष्कळदा रुग्णालयाचे नोकर नसून स्वतंत्र मंडळ्यांचे सभासद असतात. त्यामुळे रुग्णालयाचा विमा कंपनीशी करार आहे, पण त्याच छताखाली तपासणाऱ्या डॉक्टरांचा नाही, असा विचित्र प्रसंग उद्भवतो. झॅक कूपर व फिओना स्कॉट मॉर्टन यांनी एका मोठ्या विमा कंपनीच्या दाव्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. करारातील रुग्णालयांत झालेल्या तातडीच्या भेटींपैकी सुमारे २२ टक्के भेटींत रुग्णाची गाठ कराराबाहेरील डॉक्टरांशी पडली होती.

दुसरे कारण दरसूचीचे. प्रत्येक रुग्णालय हजारो बाबींची एक मूळ दरसूची ठेवते. तिच्यातील आकडे प्रत्यक्ष खर्चाशी फारसे निगडित नसतात. विमा कंपन्यांशी होणाऱ्या घासाघिशीचा तो आरंभबिंदू असतो. मोठी कंपनी त्यातून भरघोस सूट मिळविते. शासनाची मेडिकेअर योजना तर आपले दर स्वतःच ठरविते. एकाच सेवेला अशा प्रकारे अनेक किमती पडतात. ज्याच्या वतीने कोणीच सौदा केलेला नाही, त्या विमाहीन रुग्णासमोर मात्र हा आरंभीचा आकडाच प्रत्यक्ष मागणी म्हणून उभा राहतो. मुलांना भेटावयास भारतातून गेलेले आईवडील पुरेसा विमा न उतरविल्यास याच वर्गात मोडतात.

तथापि सर्व दोष नफेखोरीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तातडीचा विभाग रुग्ण असोत वा नसोत, अहोरात्र सज्ज ठेवावा लागतो. या सज्जतेचा स्थिर खर्च येणाऱ्या रुग्णांवर वाटला जातो. शिवाय १९८६ च्या संघीय कायद्यान्वये मेडिकेअरमध्ये सहभागी असलेल्या रुग्णालयांना तातडीच्या विभागात आलेल्या प्रत्येकाची तपासणी करणे व त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. मग तो पैसे देऊ शको वा न शको. हे कर्तव्य मानवतेस धरून आहे. परंतु कायद्याने कर्तव्य लादताना त्यासाठी निधीची तरतूद केली नाही. तो भार कोणाच्या तरी देयकात शिरणे अपरिहार्य होते.

यावर योजलेले उपाय दोन प्रकारचे आहेत. १ जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांना आपले दर, विमा कंपन्यांशी ठरलेल्या दरांसह, प्रसिद्ध करणे आवश्यक झाले. नियोजित शस्त्रक्रियेच्या बाबतीत ही माहिती उपयोगी पडू शकते. झटका आलेल्या रुग्णास दरपत्रकांची तुलना करावयास सवड कोठून असणार? दुसरा उपाय अधिक परिणामकारक आहे. १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या कायद्याने तातडीच्या सेवेत विमेदाराचा वाटा करारातील दरांप्रमाणेच मर्यादित केला, आणि उरलेल्या रकमेचा वाद विमा कंपनी व डॉक्टर यांनी लवादापुढे सोडवावा असे ठरविले. मात्र रस्त्यावरील रुग्णवाहिका या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. विमाहीनांना खर्चाचा पूर्वअंदाज मागण्याचा हक्क मिळाला. पण तातडीच्या प्रसंगी पूर्वअंदाजास वावच नसल्याने त्यांची स्थिती फारशी पालटली नाही.

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, रोग केव्हा होईल आणि उपचार कितपत लागू पडेल या दुहेरी अनिश्चिततेमुळे वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. तातडीचा विभाग हे त्या सिद्धान्ताचे टोकाचे उदाहरण होय. किमतीचे ज्ञान उपयोगी पडते ते नकार देण्याची शक्ती असणाऱ्यास. जेथे नकाराची शक्यताच नाही, तेथे दर उघड केल्याने देयक वाचनीय होईल. न्याय्य होईलच असे नाही. सज्जतेचा खर्च समाजाने कोणत्या मार्गाने उचलावा, या प्रश्नाचे उत्तर जोवर दिले जात नाही, तोवर ते उत्तर आजारी माणसाकडूनच वसूल होत राहील.