तीन मिनिटांचे गाणे आणि मारिओची मिशी

करमणुकीच्या बाबतीत जे प्रश्न पोरांना पडतात ते थोरांना सहसा पडत नाहीत, आणि थोरांना जे पडतात त्यांत जिज्ञासेपेक्षा तक्रारीचाच अंश अधिक असतो. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावी, सोयाबीन घरात येऊन पडल्यावर आणि कपाशीच्या वेचणीला जोर चढण्यापूर्वी जे चार मोकळे दिवस मिळतात त्या दिवसांत, पारावर एक मोबाइल हातोहात फिरू लागला, की त्याच्याबरोबर प्रश्नही फिरू लागतात. जुन्या सिनेमातले गाणे तीन-साडेतीन मिनिटांतच का आटोपते? व्हिडिओ गेममधले संगीत तेच ते पुनःपुन्हा का वाजत राहते? आणि तो टोपीवाला मारिओ, त्याला मिशी कशासाठी दिली? वरकरणी पोरकट वाटणाऱ्या या तिन्ही प्रश्नांचे उत्तर वस्तुतः एकच आहे, आणि ते कलेच्या इतिहासात नसून यंत्राच्या दफ्तरात सापडते.

यंत्र येण्यापूर्वी गाण्याच्या मुदतीवर कोणाचाच अंमल नव्हता. धनजपासून अमरावती जिल्ह्याची सीमा फार लांब नाही, आणि त्याच जिल्ह्यातील यावलीत 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा नाद या भागातील भजनी मंडळांच्या अंगात असा मुरलेला आहे, की भजन केव्हा संपवावयाचे हे घड्याळ ठरवीत नाही, श्रोत्यांची मान ठरवते. इकडे वाशीम जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी आहे. त्या समाजाच्या तांड्यांवर होळीच्या सुमारास डफावर जी लेंगी रंगते तिला आरंभ असतो, पण शेवट नावाचा ठराविक मुक्काम असतोच असे नाही. नाटकमंडळ्यांची तऱ्हाही निराळी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 1880 साली रंगभूमीवर आले तेव्हापासून पुढील निदान पन्नास वर्षे, ‘वन्स मोअर’च्या आरोळीसरशी तेच पद तीन-तीन, चार-चार वेळा म्हणण्याचा प्रघात असा काही रूढ झाला, की रात्री उघडलेला पडदा पहाटे पडला तरी प्रेक्षकांना त्यात कोणतीही गैरसोय वाटत नसे.

या ऐसपैस कारभारावर पहिली जप्ती आणली ती ग्रामोफोनच्या तबकडीने. इंग्रजी कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग 1902 साली कलकत्त्यास उतरला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने गौहर जान या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने एका भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई थरथरावयाची आणि मेणाच्या थाळीवर खाच कोरावयाची, इतकाच तो प्रकार. मिनिटाला सुमारे 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपासच मजकूर मावतो, कारण खाचा त्याहून दाट घातल्या तर एकीची भिंत दुसरीत ढासळते आणि वेग कमी केला तर आवाजाचा कस जातो. बारा इंची तबकडी काढली तर आणखी दीडएक मिनिट मिळे, परंतु तिची किंमत सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर जाई. तीन मिनिटांचे फर्मान निघाले ते येथून. ते कोणा संगीतज्ञाने काढले नाही, थाळीच्या व्यासाने काढले.

या तबकडीचा आपल्या मातीशी असलेला संबंध मात्र विस्मरणात गेला आहे. ती ज्या द्रव्याची बनत असे ते द्रव्य म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म किडा जे राळेसारखे कवच निर्माण करतो, तेच. भंडारा-गोंदियाकडील जंगलांत ते आजही गोळा होते. या लाखेत दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून जो लगदा होई त्यावर दाब देऊन तबकडी उठवीत. वऱ्हाडातील पळसाकडे पाहताना बहुतेकांना वसंत आठवतो आणि पत्रावळी आठवते. अर्ध्या शतकाचे जगातले संगीत अशाच झाडांवरच्या किड्याच्या मेहनतीवर उभे होते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यावयास हरकत नव्हती.

गौहर जानच्या तबकड्यांच्या अखेरीस एक चमत्कारिक गोष्ट ऐकू येते: गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगते. ऐकणाऱ्यास हा गायिकेचा तोरा वाटतो, पण त्याचे कारण निव्वळ कारकुनी होते. मुद्रित थाळ्या जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात पाठवाव्या लागत, आणि तेथील कामगारास हिंदुस्थानी गाणारे एकापासून दुसरे ओळखण्याचे काही साधन नसल्यामुळे, चिठ्ठी चुकू नये म्हणून नाव थाळीतच बोलून ठेवण्याची तजवीज केलेली होती. 1908 साली कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाल्यावर ही गरज ओसरली. पुढे तर गंगा उलटी वाहिली. 1949 सालच्या ‘महल’ चित्रपटातील ज्या गाण्याने लता मंगेशकरांना घरोघर नेले, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे नाव. आणि ही कामिनी आहे तरी कोण अशी विचारणा करणाऱ्या पत्रांचा आकाशवाणीकडे ढीग पडल्यावर खरे नाव जाहीर करणे भाग पडले.

तीन मिनिटांच्या या कुंपणात आपल्या गवयांनी काय केले, हा यातला खरा रसाळ भाग. ज्यांना एक राग मांडण्यास तास पुरत नसे त्यांनी आलापीचा पसारा गुंडाळून रागाचा केवळ अर्क काढावयास शिकून घेतले. काही थोर गवयांनी ‘आमची विद्या डबीत भरावयाची नाही’ म्हणून तोंड फिरविले, आणि त्यांचा आवाज कायमचा नाहीसा झाला. त्यांचा बाणा आदरणीय असला तरी आपल्या दृष्टीने तो तोट्याचाच ठरला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. उलट मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची एक तबकडी एका लहान मुलाच्या कानी पडली, तिने त्याला असे झपाटले की गुरूच्या शोधार्थ त्याने घर सोडले, आणि त्या मुलास पुढे जगाने भीमसेन जोशी या नावाने ओळखले. तीन मिनिटे थोडी असतात असे कोणी म्हणावे?

मराठीपुरते पाहिले तर या कुंपणाने एक नवा गानप्रकारच जन्मास घातला, आणि त्याचा धागा वाशीमच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरपर्यंत पोहोचतो. मेहकरास वकिली करणारे ना. घ. देशपांडे हे निसर्गाच्या आणि शृंगाराच्या हळुवार कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ ही कविता, ज्यांना रसिक जी. एन. जोशी म्हणून ओळखतात, त्या गायकाने स्वतः चाल देऊन गाइली आणि 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच ती तबकडीवर आली. तिला असा लोकाश्रय लाभला की भावगीताच्या इतिहासाचा आरंभ पुष्कळ जण तेथूनच करतात. नाट्यपदास रंगमंचाचा आणि प्रसंगाचा आधार लागे, ख्यालास बैठकीचा. तीन-चार कडव्यांच्या कवितेस मात्र तीन मिनिटे जणू मापून घेतल्यासारखी बसत. तबकडीस लहान मजकूर हवा होता आणि मराठी भावकविता लहानच होती. दोघांची गाठ पडली ती एका मेहकरच्या वकिलाच्या कवितेवर, ही वऱ्हाडाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. याच वाशिमास, म्हणजे प्राचीन वत्सगुल्मास, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिलेला आहे, त्यामुळे असे योग जुळविणे या प्रदेशाच्या अंगवळणी पडले असावे.

रेडिओस तबकडीचे बंधन नव्हते, त्याचे बंधन वेळापत्रकाचे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीस सुरू झाले. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभरात बावन्न गीते व्हावयाची, परंतु त्या शकवर्षात अधिक मास आल्यामुळे पुढची रामनवमी लांबली आणि गीतांची संख्या 56 झाली. रामकथेतील चार गीते आपणांस पंचांगाच्या कृपेने मिळाली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. त्यांतील पुष्कळ गीते तीन मिनिटांत मावणारी नाहीत, आणि मावण्याची त्यांना गरजही नव्हती.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. जपानी तोमोहिरो निशिकादो याने 1978 साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यात परग्रहावरील शत्रूंची फौज हळूहळू खाली उतरते, आणि जसजसे शत्रू मारावेत तसतसे उरलेले अधिक वेगाने धावू लागतात. खेळाडूस ही युक्ती मोठी भेदक वाटते. परंतु ती मुळात योजलेलीच नव्हती. पडद्यावर पुष्कळ आकृत्या असल्या की त्या काळच्या संगणकाची दमछाक होई, आकृत्या कमी झाल्या की त्याचा भार हलका होऊन तो आपोआप वेग घेई. कर्त्याने हा दोष पाहिला, तो खेळास पोषक आहे हे ओळखले आणि तसाच राहू दिला. पार्श्वभूमीस वाजणारे चार स्वर तेवढेच, पण तेही फौजेबरोबर घाई करू लागतात आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू होते.

मारिओच्या मिशीची हकीकतही याच जातीची. शिगेरू मियामोतो याने 1981 च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी हा नायक काढला तेव्हा त्याच्या वाट्यास अवघे मूठभर ठिपके आले होते. एवढ्यात नाकाखाली तोंड दाखविणे अशक्य, म्हणून मिशी. केस काढणे आणि उडी मारताना ते हलविणे अशक्य, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळा दिसावा म्हणून कामगाराचा दोन रंगांचा पोशाख. पुढे 1985 साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ निघाला तो सबंध खेळ 40 किलोबाइटांत बसविलेला होता. मोबाइलवर रोज सकाळी येणारे सुप्रभाताचे चित्र त्याच्याहून जड असते. म्हणूनच त्यातील ढग आणि झुडूप ही एकच आकृती आहे, केवळ रंग बदललेला, आणि कोजी कोंदोचे संगीत त्याच त्या वळणाने फिरत राहते. त्याला दुसरेही एक कारण आहे: खेळाडू किती वेळ अडखळणार हे संगीतकारास आधी ठाऊक नसते, म्हणून त्याला शेवट नसलेली आणि तरीही कंटाळा न आणणारी चाल बांधावी लागते. पोहरादेवीकडच्या लेंगी गाणाऱ्यास ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

मर्यादा आजही आहे, फक्त तिचा मालक बदलला आहे. मोबाइलमध्ये जागेचा तोटा उरला नाही. पण स्पॉटिफायसारख्या सेवा गाणे निदान तीस सेकंद ऐकले गेले तरच ते हिशेबात धरतात, त्यामुळे आरंभीचा वाद्यमेळ छाटून मुखड्यावर थेट उडी घेण्याची चाल पडली आहे. 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामची रील आपल्याकडे अवतरली ती सुरुवातीस पंधरा सेकंदांची होती. माझ्या मते या दोन मर्यादांत मोठा भेद आहे. तबकडीची मर्यादा पदार्थाची होती, म्हणून तिच्या आत गाण्यास पूर्ण होण्याची मुभा होती: मुखडा, अंतरे आणि समेवर येणे, सर्व काही. आजची मर्यादा दुकानदाराच्या खतावणीची आहे. गाणे पूर्ण व्हावे अशी तिची इच्छाच नाही. ऐकणारा पुढच्या वस्तूकडे सरकावा एवढीच आहे. निशिकादोने यंत्राच्या दोषातून कला काढली हे खरे, पण खतावणीतून अशी कला निघाल्याचे उदाहरण मला तरी अद्याप दिसलेले नाही.

तेव्हा धनजच्या पारावरील तरुण मंडळींस एक विनंती. गैसबर्गास जे साधन पेट्यांतून आगबोटीने आणावे लागले, त्याहून सरस साधन तुमच्या खिशात आहे आणि त्यास तीन मिनिटांची अट नाही. येत्या होळीस जवळच्या तांड्यावर जा, परवानगी मागा, लेंगी अथपासून इतिपर्यंत मुद्रित करा. गावातील म्हाताऱ्या भजनकऱ्यांची खंजिरीही तशीच सबंध घ्या, मध्ये थांबवू नका. आणि शेवटी गाणाऱ्यांना आपले नाव, गाव आणि तारीख स्वतःच्या तोंडाने सांगावयास लावा, म्हणजे पुढे कोणाला पत्रे पाठवून विचारावे लागणार नाही.