पीडीएफसाठी ई-रीडर घेताय? आधी पडदा मोजा

जुनी मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये वाचायची असतील, तर मेमरी आणि ब्रँड नंतर बघा, आधी पडदा बघा. यातल्या बहुतेक फायली म्हणजे स्कॅन केलेल्या पानांचे फोटो, त्यामुळे ईपबसारखी नुसती अक्षरं मोठी करता येत नाहीत. डेमी आकाराचं पान साडेआठ इंच उंच. ६ इंची रीडरचा पडदा उंचीला जेमतेम ४.८ इंच. पान जवळपास निम्म्यावर येतं आणि रफार, अनुस्वार शिरोरेघेवर नुसते ठिपके होऊन बसतात. १०.३ इंची पडदा सव्वाआठ इंच उंच असतो, तिथे पान जवळजवळ मूळ मापात दिसतं.

कुणी म्हणेल, कोबो किंवा पॉकेटबुकच्या रीडरवर केओरीडर हे वाचनाचं ॲप टाकलं की रिफ्लो मिळतो की! मिळतो, तोही फुकट. तो चित्रातले शब्द कापून नव्या ओळींत मांडतो. सलग गद्याला हे चालतं. ओव्या, तळटीपा, कोष्टकं आली की मांडणी विस्कटते. मोठा रीडर महाग पडतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. बजेट कमी असेल तर ७.८ इंची घ्या आणि केओरीडरमध्येच पानाचे समास कापा. सात इंच उंचीचा मजकूर मग सव्वासहा इंचांत बसतो, आणि एवढ्यात वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे सहज कळतं.