पिवळा उजेड आणि खरी ऊब

मागच्या थंडीत आमच्या गटातल्या एका वहिनींनी ५० गावरान पिल्लं आणली. खुराड्यातला ६० वॅटचा जुना बल्ब दोनच दिवसांत उडाला. दुकानदार म्हणाला, "आता एलईडी न्या. रंग तोच पिवळा, आणि बिलही कमी." वहिनींनी ९ वॅटचा पिवळा एलईडी आणून लावला. रात्री झोपण्याआधी आत डोकावल्या. सगळीकडे छान पिवळा उजेड पडला होता. "मला तर आत ऊबच वाटली गं," असं त्या नंतर मला म्हणाल्या. सकाळी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली होती, आणि खालची १४ मेलेली.

वहिनी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच ऊब वाटली होती.

चूल, शेकोटी, कोवळं ऊन हे सगळं पिवळं-तांबडं. चांदणं, पाणी, सावली निळसर. जन्मापासून डोळ्यांना हीच सवय, त्यामुळे पिवळा उजेड दिसला की मन ऊब धरतं. डेन्मार्कमधल्या फँगर नावाच्या प्राध्यापकांनी १९७७ साली हे तपासून पाहिलं. माणसांना बंद खोलीत एकदा गडद लाल उजेडात बसवलं, एकदा गडद निळ्या. प्रत्येकाला बरं वाटेल तेवढंच खोलीचं तापमान ठेवलं. लाल उजेडात लोकांना ०.४ अंश कमी तापमान पुरलं. म्हणजे भास खरा आहे, पण अर्ध्या अंशाहूनही कमी! आणि तोही आपल्या मनाला. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची खरी ऊब लागते, तिथे भासाचा काय उपयोग?

मग जुन्या बल्बखाली पिल्लं कशी जगत होती? तर त्या बल्बमध्ये तार तापून लाल-पिवळी होते, म्हणून उजेड पडतो. वीज जळते त्यातली १०० पैकी ९० भागांहून जास्त उष्णतेतच जाते. बिलासाठी हे वाईट, पिल्लांसाठी चांगलं. एलईडीमध्ये तार तापवायची नसते, म्हणून ९ वॅटमध्येही जवळजवळ तेवढाच उजेड मिळतो. ऊब मात्र ९ वॅटचीच, मग रंग पिवळा असो की पांढरा.

एलईडीच्या खोक्यावर २७०० के, ६५०० के असे आकडे असतात. तो खोलीच्या गरमीचा आकडा नव्हे, उजेडाच्या रंगाचा. २७०० म्हणजे पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. उलटं वाटतं ना? लोहाराचं लोखंड आठवा. आधी लाल होतं, मग पिवळं, आणि फार तापलं की पांढरं. हे आकडे तिथूनच आले. आपलं मन मात्र पांढऱ्यालाच थंड समजतं.

हा भास उन्हाळ्यातही फसवतो. एप्रिलमध्ये आमच्या पापडाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढऱ्या ट्यूब लावल्या, तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "गार वाटतंय." भिंतीवरचा थर्मामीटर ३९ वरच होता. गार वाटतंय म्हणून पाणी प्यायला कुणी उठेना, आणि दुपारी दोघींना चक्कर आली. आता दर अर्ध्या तासाला तांब्या फिरतो, तहान असो-नसो. पत्र्याला वरून चुना मारला, त्याने खराच फरक पडला.

म्हणून रंग बघायचा तो कामासाठी. डाळीतले खडे निवडायला, शिवणाला पांढरा उजेड बरा. झोपायच्या खोलीत पिवळा, कारण निळसर उजेडात रात्री उशिरापर्यंत बसलं तर झोप लांबते. (मोबाईलचंही तेच, पण त्यावर बोलायला लागले तर आजची वेळ पुरायची नाही.)

वहिनींनी उरलेल्या ३६ पिल्लांसाठी तारेचे ६० वॅटचे दोन बल्ब टांगले. एका पिल्लामागे साधारण २ वॅट धरतात. बल्ब भुशापासून चांगले उंच ठेवले, नाहीतर आग लागायची. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर अडकवला. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, लांब पळाली तर गरमी, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर ठीक, हे त्या आता बघूनच ओळखतात. लाईट गेली तर गोणपाटाचे पडदे तयार आहेत.

तो पिवळा एलईडी त्यांनी ओसरीत लावलाय. तिथे संध्याकाळी बसलं की ऊब वाटते, असं त्या अजूनही म्हणतात. मलाही वाटते.